नाच ज्यांचा, त्यांना विचारा

आमच्या शाळेचे गॅदरिंग जवळ आले आहे. या वर्षीही विषय आहे ‘विविधतेत एकता’. त्याबद्दल मला थोडे लिहायचे आहे. लहान तोंडी मोठा घास होईल, पण गुरुजी म्हणाले, मनात असेल तेच लिही.

मागच्या वर्षी मी आदिवासी नाचात होतो. आम्ही सहा जणांनी तोंडाला कोळसा फासला. कमरेला कडुनिंबाचा पाला बांधला. डोक्यात कोंबड्याचे पीस खोचले आणि तुराटीचे भाले घेऊन ‘हू हू’ करत गोल फिरलो. लोक लय हसले. टाळ्या पडल्या. मला आनंद झाला.

माझ्या बाकावरचा मित्र कोरकू आहे. त्याचे आईबाबा मेळघाटातून इकडे संत्र्याच्या बगीच्यात कामाला आले आहेत. तो नाचात नव्हता. त्याचे बाबा पाहायला आले होते. पांढरे धोतर, सदरा आणि डोक्याला फेटा. नाच झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, “बाबू, हे कोन लोक व्हयत?”

मी म्हटलं, “आदिवासी.”

“असं काय,” एवढेच ते म्हणाले आणि निघून गेले. रात्री आईने खोबरेल लावून माझे तोंड पुसले, तरी कानामागचा कोळसा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला विचारले, “तुमच्यात असा नाच असते काय?” तो म्हणाला, “नाही.” मग त्याने सांगितले. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. तेव्हा माणसे ढोल आणि बासरी वाजवतात, बाया रांग धरून नाचतात. नाचाला ते सुसुन म्हणतात. पाला कोणीच बांधत नाही.

गुरुजींनी आणखी सांगितले. धारणी आणि चिखलदरा या मेळघाटच्या दोन तालुक्यांत कोरकू लोक खूप आहेत. त्यांची भाषा मराठीच्या घराण्यातली नाही. तिचे नाते दूर झारखंडकडच्या संथाळी, मुंडारी या भाषांशी आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. हे ऐकून मला लाज वाटली. ज्यांचे नावच माणसे, त्यांना आम्ही काय बनवले?

कोणी म्हणेल, गंमत होती, त्यात काय एवढं? पण शहरातले पाहुणे आमच्या ‘मले-तुले’ला हसतात, तेव्हा आपल्याला काहून राग येते? आमचे आबा तर जेवता जेवता उठतात. मग दुसऱ्यालाही तसेच वाटत असेल.

कोणी म्हणेल, मग कोरकूंनीच कोरकू नाच करावा काय? तसे मी म्हणत नाही. सर्वांनी करावा. पण ज्यांचा आहे त्यांना आधी विचारावे, त्यांच्याकडून शिकावे. पुस्तकातले चित्र पाहून किंवा सिनेमा पाहून करू नये.

दरवर्षी आपण पंजाबी होतो, कोळी होतो. पण आपल्या वऱ्हाडातच किती आहे! तांड्यावरच्या बंजारा मुलींना होळीची लेंगी येते. त्यांच्या आया आरशाचे भरतकाम करतात. आपल्या आज्या भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत आणि खाऊ ओळखायला लावत. यावलीला जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर भजने म्हणत. हे सर्व शिकवणारे गावातच आहेत. त्यांना फक्त बोलवायचे आहे.

म्हणून मला वाटते, या वर्षी गुरुजींनी मित्राच्या बाबांना ढोल शिकवायला बोलवावे. गॅदरिंगच्या दिवशी त्यांना पुढच्या रांगेत बसवावे. मी त्यांना विचारून आलो आहे. ते म्हणाले, “येईन ना बापा.”

मला ढोल जमला नाही तर मी नुसत्या टाळ्या वाजवीन. पण तोंडाला काही लावणार नाही.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी