हात मोडलेला मावळा

दिवाळी संपली की किल्ल्यावरची मातीची चित्रे कुठे जातात? बहुतेक घरी केरात! गेल्या वर्षी मीही हात मोडलेला मावळा सुपलीत टाकला, तोच आमची धाकटी म्हणाली, "आई, जखमी झाला म्हणून का त्याला टाकून द्यायचं?"

उत्तर सुचेना. आठवले ते फ्रान्समधले ‘सांतों’.

सावरकरांच्या १९१० सालच्या उडीमुळे मार्सेलिस बंदराचे नाव आपल्या घराघरांत पोचले. ते ज्या प्रोव्हान्स प्रांतात आहे, तिथे नाताळात घरोघर येशूजन्माचा देखावा मांडतात. त्यातल्या मातीच्या चित्रांना ‘सांतों’, म्हणजे ‘छोटे संत’ म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चे बंद पडली, तेव्हा लोकांनी हा देखावा घरात मांडायला सुरुवात केली. मार्सेलिसच्या झां-लुई लान्येल (१७६४-१८२२) या कारागिराने साच्यातून स्वस्त चित्रे काढली आणि ती गरिबालाही परवडू लागली. १८०३ साली तिथे सांतोंचा बाजार सुरू झाला. तो अजून भरतो.

मौज अशी, की हे ‘संत’ म्हणजे गावातलीच माणसे! पिठाचे पोते घेतलेला गिरणीवाला, कोळीण, सुऱ्यांना धार लावणारा, मुलाच्या आधाराने चालणारा आंधळा. जो तो आपल्याजवळचे काही बाळासाठी आणतो. एक असतो ‘रावी’, गावातला भोळा. त्याच्याजवळ द्यायला काहीच नाही, म्हणून तो आनंदाने दोन्ही हात वर करून उभा! त्याच्यावाचून देखावा पुरा होत नाही.

हा संग्रह कोणी एकदम विकत आणत नाही. दरवर्षी एखाददुसऱ्या चित्राची भर पडते आणि आजीची चित्रे नातवंडांकडे येतात. मोठी चित्रे पुढे, लहान मागे. मध्ये शेवाळाची हिरवळ. बाळ येशू मात्र २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीच गव्हाणीत ठेवायचा. पुष्कळ घरी देखावा २ फेब्रुवारीपर्यंत राहतो. मग एकेक चित्र कागदात गुंडाळून पेटीत जाते. पूर्वीचे सांतों कच्च्या मातीचे असत. आता ते भाजतात, पण रंग हातानेच देतात. चोखंदळ संग्राहक चित्र उलटे करून तळाशी कारागिराचे नाव पाहतो.

आपल्या किल्ल्यावरही मावळे, गवळणी, पाणक्या, शेतकरी असतातच की! उणी आहे ती फक्त पेटी. बुटांचे रिकामे खोके, जुने वर्तमानपत्र आणि झाकणावर साल, एवढ्यावर भागते.

आमच्या मावळ्याला आगकाडीचा आधार देऊन शाडूचा नवा हात बसवला. यंदा तो बालेकिल्ल्यावर उभा राहणार आहे. हात जरा वाकडा बसला आहे. पण पहाऱ्याला चालेल, असे आमच्या किल्लेदारीणबाईंचे मत आहे.