'स्ट्राँग' म्हणणं बंद करा

तर झालं असं की, माझ्या हातून एक कौतुक घडलं.

मी अटलांटात ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. साल २०२३. आमची टेक लीड ब्लॅक होती, चाळिशीतली. (ती स्वतःला ब्लॅक म्हणायची, म्हणून मीही तोच शब्द वापरतोय.) वर्षअखेरीला सहकाऱ्यांबद्दल फीडबॅक लिहायचा एक फॉर्म येतो, तो तुम्हालाही ठाऊक असेलच. त्यात मी अगदी मनापासून लिहिलं, की कितीही काम अंगावर पडो, ही बाई डगमगत नाही, फार स्ट्राँग आहे, टीमचा कणा आहे. सबमिट केलं आणि छान वाटलं. आपण कुणाचं तरी भलं केलं वगैरे.

तीन महिन्यांनी ती लांबच्या मेडिकल रजेवर गेली. जायच्या आदल्या दिवशी कॉफी मशीनपाशी भेटली. मी म्हटलं, "होशील गं बरी, तू स्ट्राँग आहेस." ती शांतपणे म्हणाली, "तुझा तो फीडबॅक मॅनेजरने मला वाचून दाखवला होता. त्याच मीटिंगमध्ये त्याने मला आणखी एक प्रोजेक्ट दिलं."

एवढंच बोलली आणि कप उचलून गेली. मी तिथेच उभा.

तेव्हापासून या शब्दाशी माझं वाकडं आहे. आजचा लेख त्याच भांडणाचा. अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांना शिव्या देणारे लोक वाईट, हे सगळ्यांनाच कळतं. पण त्यांना 'स्ट्राँग' म्हणणारे माझ्यासारखे सभ्य लोक त्यांच्या तब्येतीची किती वाट लावतात, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. एखादा सर्व्हर कधीच डाऊन जात नाही. मग काय होतं? सगळे जण आपापला ट्रॅफिक त्याच्यावर वळवतात. त्याला बॅकअप कुणी ठेवत नाही, कारण गरजच काय? अलर्ट येत नाही म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे असं आपण धरून चालतो. मॉनिटरिंगच बंद आहे का, हे कुणी बघत नाही. मग एका रात्री तो बसतो आणि आपण म्हणतो, "अरे, अचानक कसा काय गेला?"

अचानक काही नसतं राव.

आता कुणी म्हणेल, स्ट्रेस तर सगळ्यांनाच आहे, त्यात काळं-गोरं कशाला आणतोस? हा प्रश्न मीही विचारायचो. त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं ते इथे थोडक्यात सांगतो.

मिशिगन विद्यापीठातल्या अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये एक कल्पना मांडली. तिचं नाव 'वेदरिंग'. ऊन-पावसाने दगड झिजतो तसं सततच्या भेदभावाने शरीर वेळेआधी झिजतं. २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब, साखर वगैरे मोजमापांवरून ही झीज तपासली. सर्वात जास्त झीज आढळली गरीब ब्लॅक स्त्रियांत. आणि दुसऱ्या नंबरवर कोण? गरीब गोरे? नाही. गरीब नसलेल्या ब्लॅक स्त्रिया. म्हणजे शिकून, नोकरी मिळवून, घर घेऊनही झीज थांबत नाही. आपल्याकडचा 'शिक, मोठी हो, सगळं ठीक होईल' हा मंत्र तिथे अर्धाच चालतो.

आणि ज्यांच्याकडे बरं व्हायला जायचं, त्या डॉक्टरांचा इतिहास तर विचारूच नका. १८५१ मध्ये लुईझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा मनोविकार शोधून काढला, 'ड्रेपेटोमेनिया'. लक्षण काय, तर गुलामाला पळून जावंसं वाटणं! आणि उपाय? चाबूक. त्याआधी १८४० च्या जनगणनेत असं दिसलं, की उत्तरेकडच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. गुलामीचे समर्थक खूश. बघा, स्वातंत्र्य यांना सोसत नाही. नंतर एडवर्ड जार्विस या डॉक्टरने आकडे तपासले, तर काही गावांत एकही कृष्णवर्णीय माणूस राहत नव्हता, पण वेडे कृष्णवर्णीय मात्र मोजले गेले होते. डेटा चुकीचा होता, पण राजकारण्यांनी तो खुशाल वापरला. बॅड डेटा प्रॉडक्शनला गेला की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याच १८४० च्या दशकात अलाबामात मॅरियन सिम्स हा डॉक्टर गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून शिकत होता. त्यातल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, बेट्सी, लूसी. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी २०१८ पर्यंत उभा होता. 'या बायकांना दुखत नाही' हा समज मात्र पुतळ्याबरोबर गेला नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आणि निवासी डॉक्टरांचा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी निम्म्या लोकांचा, कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यासारख्या एका तरी खोट्या गोष्टीवर विश्वास होता.

आता माझा 'स्ट्राँग' हा शब्द याच्या शेजारी ठेवून बघा. 'हिला दुखत नाही' आणि 'ही किती स्ट्राँग', या दोन वाक्यांत अंतर किती उरतं?

याची किंमत आकड्यांतही दिसते. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या मातांचा मृत्यू झाला, ब्लॅक मातांचा ५०.३. पैसा, प्रसिद्धी यांनीही फरक पडतोच असं नाही. सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर श्वास घेता येईना. तिला पूर्वी फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्यामुळे आपल्याला काय होतंय हे तिला नेमकं कळलं. तिने सीटी स्कॅन करायला सांगितलं, तर नर्सला वाटलं की औषधांमुळे ही बरळतेय. शेवटी स्कॅन झाला आणि गुठळ्या सापडल्या. जगातली सर्वात नावाजलेली टेनिसपटू स्वतःचं दुखणं अचूक सांगतेय, आणि तिलाही आधी पटवून द्यावं लागतं.

बरं, मग 'थेरपी घे ना' हा सल्ला. सल्ला चांगलाच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण घ्यायची कुणाकडे? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या आकड्यांप्रमाणे तिथल्या मानसशास्त्रज्ञांत ८६ टक्के गोरे होते आणि ब्लॅक फक्त ४ टक्के. याच संस्थेने २०२१ मध्ये वंशवादातल्या आपल्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. शिवाय बरेच थेरपिस्ट इन्शुरन्स घेत नाहीत. लीड मला म्हणाली होती, "पहिली चार सेशन मी काय सोसते हे समजावण्यातच जातात. म्हणजे तिथेही मीच ट्रेनिंग देते."

आणि कंपन्या काय करतात? आमच्याकडे फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्टरी मंथ म्हणून, 'रेझिलियन्स'वर वेबिनार झाला. शेवटी ध्यानाच्या ॲपचं तीन महिन्यांचं फुकट सबस्क्रिप्शन. वेबिनारला मी बसलो होतो. लीड नव्हती, ती प्रॉडक्शन इश्यूवर होती!

पर्सनल ग्रोथच्या या बाजाराचा मला मनापासून राग येतो. ओझं तेच ठेवायचं आणि उचलणारीला श्वास कसा घ्यायचा ते शिकवायचं. 'सेल्फ केअर' या शब्दाचंही असंच केलंय. ऑड्री लॉर्ड या ब्लॅक कवयित्रीने १९८८ च्या 'अ बर्स्ट ऑफ लाइट' या पुस्तकात स्वतःची काळजी घेण्याबद्दल लिहिलं, तेव्हा तिचा कॅन्सर यकृतात पसरलेला होता. तिच्यासाठी जगून राहणं हा लढ्याचाच भाग होता. आज त्याच शब्दावर सुगंधी मेणबत्त्या विकल्या जातात.

खरी वाट या बायकांनी स्वतःच काढली होती, तीही मी राहत होतो त्याच शहरात. १९८३ मध्ये बिली एव्हरी यांनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात ब्लॅक स्त्रियांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. सुमारे दोन हजार बायका आल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या कामात बचावाचा मार्ग साधा होता: गोल करून बसायचं आणि जे घरी, ऑफिसात, चर्चमध्ये बोलता येत नाही ते एकमेकींना सांगायचं. थकलेय म्हणायचं. रडायचं. तिथे स्ट्राँग असण्याची सक्ती नव्हती. माझ्या मते ग्रोथ म्हणतात ती हीच.

टोकियोत २०२१ मध्ये सिमोन बाइल्सने सांघिक फायनल मधेच सोडली, तेव्हा तिला 'पळपुटी' म्हणणारे निघालेच. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत याचं भान जात होतं, मान मोडली असती. ती थांबली. २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली. पण खरं सांगू का, पदकं मिळाली नसती तरी तिचं थांबणं बरोबरच होतं. 'थांबली म्हणून पुढे जिंकली' असं म्हटलं की आपण पुन्हा तिच्याकडून कामच मागतो.

आता थोडं आपल्याबद्दल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि आम्ही तिथे गेलेले मराठी इंजिनियर? "त्या एरियात घर घेऊ नकोस, तिथे 'ते' लोक आहेत" हा पहिल्याच आठवड्यात मिळणारा सल्ला. १९६५ चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत आला. त्याआधी अख्ख्या भारतासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. म्हणजे आमच्या व्हिसाचं दार उघडलं त्या गर्दीत यांच्या आज्या-आया होत्या. आम्ही आत आलो आणि त्यांच्या लेकींना म्हणालो, तू स्ट्राँग आहेस, जरा हेही उचल.

माझी लीड त्या कंपनीत परतली नाही. आता दुसरीकडे आठवड्यात चार दिवस काम करते. पगार बराच कमी झालाय. बरं व्हायची किंमतही तिनेच भरली.

असो. गेल्या डिसेंबरात पुन्हा तोच फॉर्म आला, या वेळी पुण्यात. टीममध्ये अटलांटाची आणखी एक ब्लॅक सहकारी आहे. तिच्या नावापुढे मी एकही विशेषण लिहिलं नाही. लिहिलं ते असं: चार मॉड्यूल, आठवड्याला साठ तास, बॅकअप कुणी नाही, दोन मॉड्यूल माझ्याकडे द्यावीत.

एक मॉड्यूल आलंय. दुसऱ्यासाठी सोमवारी मीटिंग आहे.