आजाराला गावाचे नाव, गावाला काय?

आपल्या नागपूर भागातल्या एका खेड्याचे नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत छापलेले आहे. संत्र्यासाठी नाही, कापसासाठीही नाही. १९६५ साली नागपुरात डेंग्यू-चिकनगुन्याची साथ चालू होती. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, तापाच्या रोग्यांचे रक्त तपासले. दोघांच्या रक्तात तोवर कुठेच न सापडलेला विषाणू निघाला. चांदीपुरा गावावरून त्याला चांदीपुरा हेच नाव पडले. थोड्याच वर्षांत तो औरंगाबादेकडच्या वाळूमाशीतही सापडला. चोर कुठून येतो हे तेव्हाच कळले होते. पण ते दोन रोगी मोठी माणसे होती, साध्या तापाचे होते. कोणी मनावर घेतले नाही.

मग २००३ साली आंध्रात ३२९ लेकरे मेंदूज्वराने पडली, त्यांतली १८३ गेली. २००७ साली आपल्याच नागपूर विभागात ३९ मुलांत चांदीपुरा सापडला, १७ दगावली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा तेच. त्या वर्षी जून ते १५ ऑगस्ट या काळात देशात मेंदूज्वराचे २४५ रोगी नोंदले गेले, बहुतेक गुजरातेतले. ८२ मेले, आणि ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला. साठ वर्षे होत आली, लस नाही, नेमके औषध नाही. हा आजार मुंबईच्या मलबार हिलवर होत असता तर इतकी वर्षे लागली असती का, हा प्रश्न विचारला की विद्वान मंडळींना राग येतो. येवो.

हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. वाळूमाशी चावते, तिच्यातून तो येतो. ही माशी डासाहून कितीतरी लहान, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत शिरते. तिला साचलेले पाणी लागत नाही. मातीच्या भिंतीची भेग, गोठ्यातला ओलसर कोपरा, शेणाचा ढीग, उकिरडा, हे तिचे घर. दिवसा भेगेत दडते, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत बाहेर पडते आणि जमिनीलगत उड्या मारत फिरते. खाली अंथरुणावर निजलेले लेकरू तिला पहिले सापडते.

आता साथ आली की काय होते ते पाहा. लेकरू मेल्यावर गावात धुराची गाडी येते, रस्त्याने धूर सोडते, फोटो निघतो. रस्त्यावरचा धूर भिंतीच्या भेगेत कसा जाईल? फवारणी घरात आणि गोठ्यात, भिंतीवर व्हायला हवी, तीही मृग लागण्याच्या आधी. आणि पत्रक येते: भेगा बुजवा, गोठा घरापासून दूर ठेवा. सल्ला खोटा नाही. भेगा लिंपायला पैसा लागत नाही, ते आपण करावेच. पण ज्याच्याकडे जागाच दोन खोल्यांची, त्याने बैल कुठे बांधावा? पक्की भिंत सिमेंटने उभी राहते आणि सिमेंट कापसाच्या पैशातून येते. कापसाचा भाव पाडून ठेवायचा आणि मातीच्या भिंतीत राहतो म्हणून शेतकऱ्याला स्वच्छता शिकवायची, हा इंडियाचा भारताला जुनाच उपदेश आहे.

खरी लढाई तासांची आहे. सकाळी ताप, दुपारी उलट्या, रात्री झटके, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. औषध नसले तरी ताप उतरवणे, झटके थांबवणे, सलाईन, प्राणवायू, मेंदूची सूज कमी करणे, एवढ्यानेही लेकरे वाचतात. यातले पहिले उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतात, डॉक्टर आणि इंजेक्शन तिथे असले तर. नसले तर तिथून तालुका, तालुक्याहून नागपूर, अशी चिठ्ठी फिरते आणि रात्र सरते. त्यात हे दिवस पेरणीचे. घरातला शेवटचा रुपया बियाण्यात आणि खतात गेलेला, भाड्याची गाडी मागायची तर सावकाराच्या दारातून जावे लागते.

आपल्याकडेही एक खोड आहे. झटका आला की ‘बाहेरचे झाले’ म्हणून लिंबू उतरवत बसणारे आजही आहेत. झटका आलेल्या लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, कांदा काही घालू नका आणि १०८ ला फोन लावा. देवाचे काय करायचे ते लेकरू दवाखान्यात पोचल्यावर.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या केंद्रात रात्री डॉक्टर राहतो का? झटके थांबवणारे इंजेक्शन तिथे आहे का? गेल्या वर्षी घरात-गोठ्यात फवारणी कोणत्या तारखेला झाली? झाली नसेल तर तसेच लिहावे. हे कागद एकत्र करून एप्रिल संपायच्या आत जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत, आणि पोच घेतल्याशिवाय कोणी उठायचे नाही.