सवय होईल, काकू!

आपल्याकडे प्रत्येक गैरसोयीवर एकच रामबाण औषध मिळतं. त्याचं नाव 'सवय'. डोंबिवलीकराला तर ते बाळकडूतूनच पाजतात. कोपर पुलावरची वाहनांची रांग? सवय होईल. लोकलमध्ये ठाण्यापर्यंत एका पायावर? सवय होईल. इथवर माझी तक्रार नाही. पण ठाण्यातल्या एका चकचकीत दुकानात मी रेसिंग सायकल घ्यायला गेले. तीच ती, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल असलेली. म्हटलं, "अहो, ब्रेकपर्यंत माझी बोटं नीट पोचत नाहीत." तर तिथल्या पोरानं तेच औषध पुढे केलं, "सवय होईल, काकू!"

आता मला सांगा, सवयीनं बोटं लांब होतात का? तसं असतं तर वरच्या कडीला लोंबकळून निम्मी डोंबिवली एव्हाना सहा फुटी झाली असती!

आमचा कासार बघा. पाचपन्नास रुपयांच्या बांगड्या, पण हात दाबून पाहिल्याशिवाय माणूस डबा उघडत नाही. 'दोन-चार' की 'दोन-सहा', हे आधी ठरतं. आणि जिच्या किमतीत पूर्वी स्कूटर आली असती त्या सायकलीचा ब्रेक मात्र एकाच मापाचा. ते माप कुणाचं? कुणा धिप्पाड गड्याचं असावं.

"मग लेडीज सायकल घ्या ना," असाही सल्ला मिळतो. लेडीज सायकल म्हणजे काय? मधला दांडा वाकवला, पुढे भाजीची टोपली लावली, झाली लेडीज! साडीचा विचार झाला, भाजीचा झाला, हाताचा राहूनच गेला. शिवाय लहान हात काय फक्त बायकांनाच असतात? शाळकरी पोरांना असतात, चांगल्या मिशीवाल्या पुरुषांनाही असतात. ते बोलत नाहीत, एवढंच.

हा लाडाचा प्रश्न नाही. येऊरची चढण दम काढते, पण जीव काढू शकतो तो उतार. पावसात रिम भिजलेली, ब्रेकचे रबर पकडायला वेळ घेतात, समोरून रिक्षा. अशा वेळी ब्रेकच्या दांडीवर बोटांची नुसती टोकं टेकत असतील, तर त्या टोकांत जोर कुठून आणायचा?

आणि खरी चीड पुढेच आहे. उपाय त्या सायकलीतच असतो! आजकालच्या बऱ्याच ब्रेकांत दांडीपाशी एक बारकासा स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. काही मॉडेलांत स्क्रूऐवजी छोटी पाचर बसवतात. मग वायर पुन्हा जुळवायची आणि सायकल उभी असतानाच दांडी करकचून दाबून पाहायची. ती हँडलला टेकण्याआधी चाक घट्ट धरलं गेलं पाहिजे. काम थोडक्या वेळाचं. तेवढ्या वेळात आपण दुकानात 'सवय होईल' दहा वेळा ऐकतो.

तेव्हा माझ्या आखूड बोटांच्या बंधुभगिनींनो, तो स्क्रू फिरवून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. आणि दुकानदारहो, सवयच लावायची तर तुम्ही एक लावून घ्या. गिऱ्हाइकाचा हात बघत चला. भविष्य नका सांगू, नुसतं माप घ्या.