६८ मिनिटांची डेडलाइन

मामाचा डोटाटेट स्कॅन होता. साडेनऊला बोलावलं होतं, आम्ही नऊलाच हजर. साडेअकराला काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आज होणार नाही. औषध बरोबर झालं नाही. परवा या." झालं! मामा रजा टाकून कोल्हापूरहून आलेला. मी तिथे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन सवयीप्रमाणे वाचत बसलो आणि ओशाळलो. पण थोडाच.

मामाला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आहे (इरफान खानने २०१८ मध्ये जाहीर केला होता, तो प्रकार). यातल्या बहुतेक गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हॉर्मोनचे रिसेप्टर भरपूर असतात. त्या हॉर्मोनची नक्कल करणारं ८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड टोचलं की ते तिथे जाऊन चिकटतं. पण कॅमेऱ्याला ते दिसणार कसं? म्हणून त्याला डोटा नावाचा एक रासायनिक पिंजरा जोडतात आणि त्यात किरणोत्सारी गॅलियम-६८ कोंडतात.

आता गोची अशी की या गॅलियमचं अर्धायुष्य आहे ६८ मिनिटं. सव्वादोन तासांत चतुर्थांश उरतं. आदल्या दिवशी बनवून फ्रिजमध्ये ठेवायची सोयच नाही. म्हणून जनरेटर ठेवतात. त्यात जर्मेनियम-६८ असतं (अर्धायुष्य २७१ दिवस), त्यापासून गॅलियम तयार होत राहतं आणि आम्ल सोडून ते धुऊन घेतात. याला चक्क 'दूध काढणं' म्हणतात! एकदा काढलं की पुन्हा नीट भरायला चारेक तास. मग पेप्टाइडबरोबर ९५ अंशांच्या आसपास तापवायचं, शुद्ध करायचं, गाळायचं, तपासायचं. घड्याळ चालूच.

तपासणीत पिंजऱ्याबाहेरचं मोकळं गॅलियम जास्त निघालं तर? ते रक्तातल्या ट्रान्सफेरिनला चिकटून शरीरभर फिरतं आणि चित्र गढूळ होतं. एखादी बारकी गाठ सुटू शकते. शिवाय पुढचा उपचार (त्याच पेप्टाइडवर गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७, जे आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही बनतं) मामाला लागू पडेल का, हे याच चित्रावरून ठरणार.

आमच्याकडे टेस्ट फेल झाली की मॅनेजर म्हणतो, रिलीज करा, सोमवारी पॅच टाकू. त्या लॅबमधल्या माणसाने आख्खी बॅच टाकून दिली. शंभर टक्के बरोबर केलं.

पण मग हे सांगायला काय झालं होतं? पेशंटला कळणार नाही, हे कोणी ठरवलं? अपॉइंटमेंटच्या कागदावर 'वेळेवर यावे' एवढंच. का यावे, आणि वेळेवर येऊनही परत का जावं लागू शकतं, यावर चार ओळी मराठीत छापायला कितीसा खर्च येतो? अडीच तास बाकावर बसलेल्या माणसाला वाटत होतं की आपला रिपोर्ट काहीतरी वाईट आहे म्हणून लपवतायत. ती भीती फुकटची होती.

रात्री जेवताना मामाला हे सगळं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे म्हैस बरी आहे, दूध नासलं होतं, असंच ना?"

परवा पुन्हा नऊला.