तीन महिन्यांच्या आत, की तीन महिन्यांपुरतं?

गेल्या बकरी ईदला नायगावला घरी होतो. दुपारची जेवणं उरकल्यावर नात्यातल्या एक आपा घडी घातलेला कागद घेऊन आल्या. "तू इंग्रजीत काम करतोस, जरा बघ," म्हणाल्या. स्टॅम्प पेपर, खाली नोटरीचा शिक्का, सगळा मजकूर इंग्रजीत. तलाकनंतर दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून केलेला समझोता होता तो. मेहरची रक्कम, लग्नात दिलेलं सामान परत, आणि इद्दतीचा खर्च म्हणून महिन्याला चार हजार, तीन महिन्यांचे बारा हजार. शेवटची ओळ अशी, की यापुढे पत्नीचा कसलाही दावा राहिलेला नाही. त्याखाली आपांची मराठीत सही. हा कागद त्यांना कुणी मराठीत वाचून दाखवला होता का, असं मी विचारलं. "सब लोगां बोले, मैं सही कर दी," एवढंच त्या म्हणाल्या.

मी दोनदा वाचला. माझी नजर अडली ती एका लहानशा इंग्रजी शब्दावर: 'फॉर'. इद्दतीच्या काळा'साठी' मेंटेनन्स.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. ग्राहकाशी केलेल्या करारात 'तक्रार चार तासांच्या आत सोडवू' असं लिहिणं आणि 'तक्रारीवर चार तास काम करू' असं लिहिणं यात किती फरक आहे, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पहिल्यात मुदत आहे, काम पूर्ण झालंच पाहिजे. दुसऱ्यात चार तास भरले की तुम्ही मोकळे, तक्रार सुटो न सुटो. मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 1986 या कायद्याच्या कलम 3 मध्ये जो शब्द आहे तो 'विदिन' आहे, म्हणजे इद्दतीच्या मुदतीच्या आत. आपांच्या कागदावर त्याचा 'फॉर' झाला होता. कुणी मुद्दाम केला असेल असं मला वाटत नाही. सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलेलं आहे: मेहर दिला, तीन महिन्यांचं दिलं, विषय संपला.

विषय इतका साधा का नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. शाहबानो प्रकरणाचं नाव आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेलं आहे, बहुतेक वेळा टोमणा म्हणून. पण निकाल वाचलेले फार थोडे. इंदूरच्या या बाईंना खालच्या कोर्टाने महिना 25 रुपये मंजूर केले होते, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले. पती स्वतः वकील. ते अपिलात गेले. 23 एप्रिल 1985 ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने अपील फेटाळलं. त्या निकालात सूरह बकराच्या 241 व्या आयतीतल्या 'मताअ' या अरबी शब्दावर चर्चा आहे. अब्दुल्ला युसूफ अली यांच्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'मेंटेनन्स' आहे, इतर काही भाषांतरांत 'प्रोव्हिजन'. पतीचं म्हणणं असं, की मूळ शब्दाचा अर्थ प्रोव्हिजन होतो, मेंटेनन्स नव्हे. कोर्टाने उत्तर दिलं, की हा नुसता शब्दांचा भेद आहे, अर्थाचा नाही.

मग काय झालं ते माहीत आहे. मोर्चे निघाले, संसद हलली, आणि 1986 चा कायदा आला. हा कायदा शाहबानो निकाल पुसण्यासाठी आणला, असं त्याच्या बाजूचेही समजत होते आणि विरोधातलेही. मात्र मसुदा लिहिणाऱ्याने कलम 3 मध्ये दोन्ही शब्द घातले: वाजवी आणि न्याय्य 'प्रोव्हिजन' आणि 'मेंटेनन्स'. त्यांना जोडून क्रियापदंही दोन, एक 'करावी' आणि एक 'द्यावा'. आणि मुदत इद्दतीच्या 'आत'.

शाहबानोंचे वकील दानियल लतीफी यांनी या कायद्यालाच आव्हान दिलं. 28 सप्टेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला, पण त्याचा अर्थ लावताना याच शब्दांवर बोट ठेवलं. 1985 मध्ये ज्या दोन शब्दांत फरक नाही असं म्हटलं होतं, त्यांच्यातला फरकच आता कामाला आला. मेंटेनन्स द्यायचा असतो. प्रोव्हिजन करायची असते, पुढच्या आयुष्याकडे बघून. आणि ती करण्याची मुदत इद्दत संपेपर्यंत आहे. तिचा उपयोग मात्र तेवढ्यापुरता नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2000 मध्येच असा अर्थ लावला होता. गंमत बघा, जो शब्द पतीने जबाबदारी कमी व्हावी म्हणून पुढे केला, त्याच शब्दाने जबाबदारी वाढवली.

आमच्या धंद्यात हे दोन्ही शब्द रोजचे आहेत. सर्व्हर 'प्रोव्हिजन' करतो तेव्हा पुढे किती लोक येतील, किती जागा लागेल, याचा अंदाज घेऊन आधीच सोय करून ठेवतो. मेंटेनन्स ही दर महिन्याची देखभाल. बिलात दोघांच्या ओळी वेगळ्या असतात आणि ग्राहक कधी त्यांची गल्लत करत नाही.

मराठीतही गल्लत व्हायचं कारण नव्हतं. 'पोटगी' म्हणजे पोटापुरतं. 'तरतूद' म्हणजे पुढची सोय. तरतूद हा काही परका शब्द नाही, ग्रामपंचायतीच्या बजेटपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळीकडे आपण तो वापरतो. पण तलाकचा विषय निघाला की बैठकीत तोंडी येते ती पोटगीच, आणि घरात बोलताना 'खर्चापानी'. ज्या शब्दाने बाईच्या पदरात अधिक पडतं तो शब्दच बोलण्यातून गळाला आहे.

आपल्या भागातलं आणखी एक उदाहरण सांगतो. लातूरचं प्रकरण होतं. 2 मे 2002 ला औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने सांगितलं, की पोटगीच्या दाव्यात पतीने लेखी जबाबात 'मी तलाक दिलेला आहे' असं म्हटलं, तेवढ्याने तलाक सिद्ध होत नाही. समेटाचे प्रयत्न, कारणं, सगळं शाबीत करावं लागतं. म्हणणं आणि शाबीत करणं हेही असेच दोन जवळचे शब्द. लातूर नायगावपासून किती लांब? पण गेल्या वीस वर्षांत एकाही बैठकीत या निकालाचा उल्लेख मी ऐकला नाही.

10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला 1986 च्या कायद्याखाली जाता येतं, तसंच सर्वांसाठी असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम 125 खालीही. नव्या संहितेत ते कलम 144 आहे. तरीही जे मित्र 'शरियतमध्ये ढवळाढवळ' म्हणत हा विषय झटकतात, त्यांना माझं सांगणं आहे की आधी कलम 3 वाचा, ते पानभराचंही नाही. आणि जे आपल्याला शाहबानोवरून हिणवतात, त्यांनीही 2001 चा निकाल वाचलेला नसतो. आपण इंजिनिअर, वकील, शिक्षक झालेली पोरं अशा बैठकीत मागच्या रांगेत बसतो, चहा फिरवतो. कागद मात्र दुसराच कुणी लिहितो, इंग्रजीत, जुन्या कागदावरून उतरवून.

आपांना घेऊन मी नांदेडला गेलो. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही आदल्या आठवड्यात कळलं. सही केली म्हणून दार बंद झालेलं नाही, अर्ज करू, असं वकीलबाईंनी सांगितलं. पहिल्या मसुद्यात टायपिस्टने सवयीने नुसतंच 'मेंटेनन्स' टाइप केलं होतं. त्याच्या आधी 'प्रोव्हिजन' घालून घेतलं.

मग आकड्याचा प्रश्न आला. बैठकीत बारा हजारांचा हिशेब करायला दहा मिनिटंही लागली नव्हती. आपांनी दोन दिवस मागितले. मुलाच्या जुन्या वहीत त्यांनी खोलीचं भाडं, लाइट बिल, किराणा, गुडघ्याच्या गोळ्या, शिलाई मशीनची दुरुस्ती असं एकेक मांडलं. वय त्यांचं एकतीस. त्यांनी साठीपर्यंतचा हिशेब केला आणि बेरीज तपासायला वही माझ्याकडे दिली. बेरीज बरोबर होती.