लुकलुकणारा लाल दिवा

बालमित्रांनो,

विजेचे बिल आले की तुमच्या घरी काय होते? आमच्याकडे परवा चांगलेच रामायण झाले! बिल बघून मी आमच्या धाकटीवर ओरडले, "रोज ट्यूब चालू ठेवून खेळायला पळतेस ना, बघ आता!" ती बिचारी रडवेली झाली. आजी म्हणाल्या, "अगं, सगळं खापर पोरीच्या डोक्यावर फोडू नकोस. आधी मोजून तर बघ!"

खरेच की! शाळेत मी मुलांना 'मोजा, मग बोला' म्हणते, आणि घरी?

मग आम्ही एक प्रयोग केला. आपल्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, पाहिलाय ना? तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होते, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. आणि युनिट म्हणजे काय? १००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते.

फ्रिजसकट घरातले सगळे थोडा वेळ बंद केले. आधी लावली २० वॅटची एलईडी ट्यूब. मिनिटभरात दिवा जेमतेम एकदा लुकलुकला. मग २००० वॅटचा गीझर लावला. बापरे! एका मिनिटात शंभराच्या वर! मोजता मोजता आमची तारांबळ उडाली.

आता गणित करा. ती ट्यूब ५० तास जळेल तेव्हा एक युनिट; गीझर पाणी तापवू लागला, की अर्ध्या तासात एक युनिट! आणि गीझरचे बटण दुपारपर्यंत चालू कोण विसरायचे? तुमच्या बाई! पाणी निवले की तो आपोआप पुन्हा तापवत बसायचा.

मी धाकटीला जवळ घेऊन म्हटले, "चुकलं गं माझं." ती लगेच म्हणाली, "मग आता तू बटण बंद कर, मी ट्यूब बंद करते!" झाला की नाही करार?

तर दोस्तांनो, दिवा उगाच जळू द्यायचा नाहीच. पण आधी मोठे चोर पकडा. गीझर, इस्त्री, विजेची शेगडी अशी उष्णता देणारी उपकरणे वीज भराभर खातात. म्हणून आंघोळी पाठोपाठ उरका, इस्त्रीचे कपडे साठवून एकदम करा. दुसरे चोर तासन् तास चालणारे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. फ्रिजमध्ये गरम भांडे ठेवू नका, दार उघडून विचार करत उभे राहू नका! नवी वस्तू घेताना आईबाबांना लेबलावरचे तारे मोजायला सांगा. आपल्या देशात ही तारांची पद्धत २००६ साली सुरू झाली. एकाच मापाच्या वस्तूंत जास्त तारे, तर वीज कमी.

आपल्या चंद्रपूर-कोराडीला कोळसा जाळून वीज होते. म्हणजे वाचलेले युनिट हा वाचलेला कोळसाच.

येत्या रविवारी हा प्रयोग करा. मात्र मोठ्यांना सोबत घेऊनच! मीटरला हात लावायचा नाही, नुसते बघायचे. तुमच्या घरचा मोठा चोर कोण निघाला, ते वहीत लिहून वर्गात सांगाल ना?

तुमच्या,
बाई